गावकीची काठी

१

शनिवारी सकाळी समाज मंदिरातलं कपाट उघडलं आणि आत काठी नव्हती.

कुलूप शाबूत, कडी शाबूत, काठी गुंडाळायचा लाल कपडा नीट घडी करून ठेवलेला. फक्त काठी तेवढी गेलेली. जुन्या भाईंदरच्या धाकट्या कोळीवाड्यात एखादी होडी बुडाली असती तरी एवढा आकांत झाला नसता.

आता म्हणाल, एका काठीचं एवढं काय! तर ही काठी माणसाच्या डोक्याच्या वर जाणारी, काळीभोर, दर वर्षी तेल पाजून काचेसारखी गुळगुळीत झालेली, टोकाला चांदीची टोपी. गावकीची सभा भरवायची तर आधी ती मधोमध चटईवर आडवी ठेवायची. काठी ठेवली की सभा बसली, पाटलाने उचलली की उठली. बापजाद्यांपासून चालत आलेला कायदा. कुठे लिहिलेला नाही, आणि कोणी मोडलाही नव्हता.

तो मोडला मागच्या महिन्यात. खाडीकाठी गावाचं एक मैदान आहे. तिथे बांबूच्या उंच मांडवांवर, म्हणजे वलांड्यांवर, बोंबील वाळतात आणि त्यावर निम्म्या गावाची चूल पेटते. ते मैदान एका टॉवरवाल्या बिल्डरला द्यायचं की नाही, यावर सभेत हात वर व्हायचे होते. घरटी एक हात. हात आपल्या विरोधात जातायत असं दिसल्याबरोबर पाटील जितेश ताडकन उठला, मधोमध गेला, काठी उचलली आणि म्हणाला, "सभा तहकूब. मी सांगेन तेव्हा भरेल."

लोक तोंडात मारल्यासारखे बघत राहिले. काठी उचलायचा हक्क पाटलाचा, याबद्दल वाद नव्हता. पण तो हक्क सभा उठवायला आहे की सभेचं तोंड दाबायला? यावरून घराघरांत जुंपली. सख्खे भाऊ एका होडीत बसेनात. पोलिसांनी हा तुमचा आपसातला मामला म्हणून हात झटकले. शेवटी गावच्या पंचांनी निवाडा दिला, की सभा उठलेलीच नाही. रविवारी काठी परत चटईवर आणा आणि राहिलेले हात मोजा.

रविवार उद्यावर आला आणि काठी नाही!

"पाटलानंच पळवली," गाव एका तोंडाने म्हणालं. म्हणूनच पाटील जितेश दुपारच्या उन्हात मीरा रोडला आला आणि पूनम सागरमध्ये दुर्गा सावंत यांच्या दाराची बेल दाबून उभा राहिला.

२

दुर्गा सावंत मूळच्या रत्नागिरीच्या. पोलिसात फौजदार म्हणून निवृत्त झाल्या, पण स्वभाव काही निवृत्त झाला नव्हता. सोसायटीत कोणाची कुंडी हलली तरी त्यांना ती कोणी हलवली ते कळायला हवं असे. नवरा गमतीने म्हणायचा, तुला देव दिसला तरी आधी त्याचा जबाब घेशील.

"मॅडम, माझ्या तोंडाला काळं फासतायत," जितेश म्हणाला. गळ्यात सोन्याची साखळी, हातात दोन फोन, पण कपाळावर खरा घाम. "तुम्ही बाहेरच्या. गावात ना सोयरिक, ना भाऊबंदकी. तुम्ही सांगितलंत तर गाव ऐकेल. उद्या सभेच्या आधी सांगा, कोणी नेली."

"काठी शोधून देते," दुर्गाबाई म्हणाल्या.

"काठी मिळाली नाय तरी चालेल, मॅडम. दुसरी बनवू, पंचांना पटवू. मला नाव पायजे, नाव."

मानी माणूस आहे, डाग पुसायला नाव हवंच, असं दुर्गाबाईंनी मनाशी म्हटलं आणि चपला घातल्या. कोळीवाडा त्यांना अगदीच परका नव्हता. तिथली शांताबाई वर्षानुवर्षं त्यांच्या बिल्डिंगखाली पाटी घेऊन बसायची. तिच्याशी घासाघीस केल्याशिवाय दुर्गाबाईंना मासळी गोड लागत नसे.

समाज मंदिरात मात्र त्यांना एक गंमत दिसली. बाहेर मांडव पडलेला, खुर्च्या मांडलेल्या, कोपऱ्यात हारांची टोपली ओल्या फडक्याखाली झाकलेली.

"हे कोणी सांगितलं?"

"मीच," जितेश जरा ओशाळून म्हणाला. "काशीमिऱ्याहून बिर्याणी पण येतेय उद्या. आठवडाभर आधी ऑर्डर दिलेली."

दुर्गाबाईंच्या डोक्यात एक खिळा बसला. सभा होऊच नये म्हणून जो काठी पळवणार, तो सभेनंतरच्या बिर्याणीची ऑर्डर कशाला देईल? पाटलाला उद्या सभा हवी होती! महिन्यापूर्वी पळून गेलेला माणूस आज बाशिंग बांधून उभा होता. मधल्या काळात हवा फिरली होती, किंवा फिरली असं त्याला वाटत होतं.

मग सभा कोणाला नको होती?

३

कपाटाची चावी असायची बाळारामकडे. पंचांमधला सगळ्यात थोरला, अंगात बनियन, डोळ्याला जाड चष्मा. त्याची बायको कित्येक महिने अंथरुणाला खिळलेली. घराचं दार दिवसभर सताड उघडं. चावी देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्यावर टांगलेली.

"इथून कोणीही चावी नेऊ शकतं, दादा."

"नेऊ शकतं."

"कोण येतं-जातं घरात?"

"गाव येतं. म्हातारीला बगायला. कोण पेज आणतं, कोण कालवण."

"शुक्रवारी कोण आलं होतं?"

म्हाताऱ्याने चष्मा काढला, बनियनला पुसला, परत घातला. उत्तर मात्र दिलं नाही. दुर्गाबाईंनी आयुष्यात पुष्कळ मुके बघितले होते. घाबरलेला मुका आणि ठरवून झालेला मुका यातला फरक त्यांना कळत होता. हा दुसऱ्या जातीचा होता.

"तुम्हाला माहीत आहे कोणी नेली," त्या म्हणाल्या.

"फौजदारीणबाय," बाळाराम हळूच म्हणाला, "तुमी काठी आणा. काठी आली की पुरे. कोणी नेली ते इचारू नका. मना इचारू नका नि गावाला सांगू पन नका."

"का?"

"सांगन्यासारखा असता तर सांगितला नसता?"

बाहेर पडताना दुर्गाबाईंना त्याचा राग आला आणि कीवही आली. कोणाला तरी पाठीशी घालतोय, उद्या स्वतःच अडकेल, एवढं या म्हाताऱ्याला कळू नये? त्यांनी ते तिथेच सोडलं. का घालतोय, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलाच नाही.

नाक्यावर उत्तम भेटला. टॉवरवाल्याचा माणूस, मीरा रोडला इस्टेट एजंट. पांढरा शर्ट, बोलणं लोण्यासारखं.

"मॅडम, काठी चोरके अपना क्या फायदा? उद्या सभा झाली की मामला खतम. जितेशभाई बोलला, घरं बरीच वळलीत. शांताबाईचा स्वरूप बघा ना, विरोधातली कट्टर बाई, पण पोरगा आपल्याकडे लागला. काशीमिऱ्याच्या गोडाउनवर सुपरवायझर. आपल्या नोकरीवर जेवणारा हात दुसरीकडे कसा जाईल?"

शांताबाईचा स्वरूप! मैदानासाठी सगळ्यात आधी पदर खोचून उभी राहिली ती शांताबाई. पाटलाने काठी उचलली तेव्हा त्याच्या आडवी झाली तीही शांताबाईच. त्या तिच्या घराकडे वळल्या. घराला कडी होती. शेजारीण म्हणाली, "ती मैदानावर हाय. कालपासून तिथंच हाय, जेवायला पन घरी येत न्हाय."

४

मैदानावर बोंबलांचा वास असा, की नवख्याने नाक धरावं आणि कोळ्याने छाती भरून घ्यावा. वलांड्यांवर रांगाच रांगा. दोन दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून बांबूवर टांगलेले, खालून वारा, वरून ऊन.

"ये बाय, बस!" शांताबाई मोडक्या खुर्चीवरून म्हणाली. एरवी दुर्गाबाई दिसल्या की तिचा आवाज अर्ध्या खाडीला ऐकू जायचा. आज तो घशातच राहिला.

"आज शनिवार. आमच्या बिल्डिंगखाली बायका वाट बघून गेल्या. पाटी घेऊन आली नाहीस?"

"कावले लय झालेत. राखन करायला नको?"

"आणि उद्या रविवार. धंद्याचा दिवस."

"उद्या पन न्हाय."

धंद्याचा रविवार सोडणारी कोळीण दुर्गाबाईंनी अजून बघितली नव्हती. त्या काही न बोलता रांगांमधून फिरू लागल्या. जुने बांबू, नवे बांबू, सगळे गाठीगाठींचे. त्या गाठींमुळेच बोंबलांच्या जोड्या जागच्या जागी राहतात, वारा आला तरी. एका बांबूवर मात्र सगळ्या जोड्या घसरून एका टोकाला गोळा झाल्या होत्या, एकमेकींच्या अंगावर. त्या बांबूला या टोकापासून त्या टोकापर्यंत जाळ्याच्या चिंध्या सैल गुंडाळलेल्या, टोकाला निळ्या प्लास्टिकचं बोचकं. कावळे हाकलायला बांधतात तसं.

दुर्गाबाई तिथे थांबल्या. मागे खुर्ची करकरली.

"शांताबाई, बोंबील घसरतायत गं."

दुर्गाबाईंनी चिंधी जरा बाजूला सारली. बोटाखाली गाठ लागली नाही. तेल पाजलेलं, काळंभोर, काचेसारखं गुळगुळीत लाकूड लागलं.

५

"आणताना कोणी बघितलं नाही?"

"वलांडीला बांबू नेताना बाईला कोन बगतो?" शांताबाई कोरडं हसली. "शुक्रवारी बाळारामच्या म्हातारीला कालवन दिला, चावी घेतली, काठी काढली, चावी परत टांगली. चार बांबूंत बांधून डोक्यावरून आणली. पाटील सोता म्हनाला, शांताबाय, जरा बाजूनं चाल, लागेल कोनाला."

"अगं पण का? सभा व्हावी म्हणून तूच भांडलीस ना? निवाडा तुमच्या बाजूने लागला!"

शांताबाईचे डोळे भरून आले. रडणं तिला शोभत नव्हतं आणि तिला ते ठाऊक होतं, म्हणून ती चिडली.

"निवाडा लागला, पन त्या महिन्यात काय झाला ते बगितलास? पाटलानं काठी उगीच उचलली न्हाय. त्याला येल पायजे होता. उत्तम घराघरात फिरला. कोनाला फ्लॅट, कोनाला नोकरी. माझाच पोरगा गेला, बाय! माझाच! मग कोन राहिला? उद्या काठी ठेवली की गाव आपल्याच हातानं मैदान देनार. सासरा म्हनायचा, काठी न्हाय तर सभा न्हाय, सभा न्हाय तर गावची जमीन कोनाला देता येत न्हाय. म्हनून काठीच काढली."

"स्वरूपला विचारलंस? हात कुठे करणार म्हणून?"

"इचारायचा काय! नोकरी घेतली त्या दिवसापासून बोलत न्हाय मी त्याच्याशी."

दुर्गाबाई तिच्याशेजारी खाली बसल्या. मैत्रीण म्हणून त्यांना वाटत होतं, ही काठी इथेच राहू द्यावी, बोंबील वाळू द्यावेत. पण वर्दी उतरली तरी सवय उतरत नाही.

"हे बघ, पाटलाने सभा बंद पाडली ते चूक, मग तू बंद पाडलीस ते बरोबर कसं? आणि उद्या पोरं बाळारामदादांना धरणार. चावी त्यांची."

म्हाताऱ्याचं नाव निघालं आणि शांताबाई खचली.

"ने," ती शेवटी म्हणाली. "ठेव तिची जागा तिला. पन माझा नाव घेऊ नको, बाय. गावात कसा राहू मी?"

"नाही घेणार," दुर्गाबाई म्हणाल्या. म्हणताना त्यांना खरंच तसं वाटत होतं.

६

रविवारी सभा भरली. पुरुष पुढे, बायका मागच्या भिंतीला. बायकांना आत बसायला मिळून फार वर्षं झाली नव्हती. त्याआधी त्या दाराआडून ऐकायच्या, जेवढं ऐकू येईल तेवढं. दुर्गाबाईंनी लाल कपड्यातली काठी चटईवर ठेवली आणि सगळ्या मंदिराने सुस्कारा सोडला.

"कुठे मिळाली, मॅडम?" जितेशने विचारलं.

"मैदानावर. वलांडीत."

"नेली कोणी?"

"ते विचारू नका. काठी आली, सभा बसली."

समोर बसलेल्या बाळारामने डोळे मिटले. त्याच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं, जे दुर्गाबाईंनी आदल्या दिवशी बघितलं नव्हतं. सुटका झाल्यासारखं.

"असं कसं?" जितेश उठला. "कालपासून मला चोर म्हणतंय गाव! चावी कोणाकडे होती? बाळारामदादा, उभे रहा. गावदेवीच्या तसबिरीवर हात ठेवून सांगा, मला माहीत न्हाय म्हणून."

बाळाराम उभा राहिला. देवीकडे बघितलं आणि मान हलवली. शपथ घेणार नाही.

"बगा! म्हातारा चोर हाय!" मागून कोणी तरी ओरडलं. पोरं उठली. एकाने म्हाताऱ्याच्या खांद्याला धक्का दिला आणि त्याचा चष्मा खाली पडला. बाळाराम तो वाकून शोधू लागला, जमिनीवर चाचपडत.

हे दुर्गाबाईंना बघवेना. निरपराध माणसाला चार लोकांत चोर ठरवताना त्या आयुष्यात गप्प बसल्या नव्हत्या. आणि खरं सांगायचं तर, उकललेलं कोडं पोटात ठेवणंही त्यांना कधी जमलं नव्हतं.

"थांबा!" त्या कडाडल्या. "हात खाली! सांगते मी."

आणि त्यांनी सांगितलं. पाटलाची बिर्याणी, धंदा सोडून बसलेली राखण, घसरलेले बोंबील, एकेक करून मांडलं. नाव मात्र घेववेना. तेवढ्यात मागच्या भिंतीपासून शांताबाईच उठली.

"मी नेली," ती म्हणाली. "म्हाताऱ्याला सोडा."

दुर्गाबाई गावाकडे वळल्या. "तिने स्वतःसाठी काही केलं नाही. मैदान वाचावं म्हणून केलं. तिला माफ करा."

"केलं, मॅडम, माफ केलं," जितेश म्हणाला. इतक्या पटकन आणि इतक्या गोडीने, की दुर्गाबाईंनी वळून त्याच्याकडे बघितलं. "आमचं काही म्हणणं न्हाय तिच्यावर. फक्त रीत काय आहे ते थोरल्या पंचांनी सांगावं. दादा, सांगा."

बाळारामला चष्मा सापडला होता. एक काच तडकलेली. त्याने तो डोळ्याला लावला आणि दुर्गाबाईंकडे बघितलं. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"ज्या घरानं गावाला न इचारता काठीला हात लावला," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला, "त्या घराचा हात त्या सभेत धरायचा न्हाय."

शांताबाईला हे माहीत नव्हतं. दाराआडून हे तिला कधी ऐकूच आलं नव्हतं. दुर्गाबाईंना आता कुठे जितेशचं आदल्या दिवशीचं वाक्य आठवलं. काठी नको, नाव पायजे, नाव. स्वरूपच्या नोकरीवर भरवसा उत्तमचा होता, पाटलाचा नव्हता. ज्या प्रश्नापाशी त्या थांबल्या नव्हत्या त्याचं उत्तर आपसूक समोर येऊन उभं राहिलं. म्हातारा शांताबाईला वाचवत नव्हता. तिच्या घरचा हात वाचवत होता.

"दादा, मला का नाही सांगितलंत?"

"सांगायचा म्हंजे तिचा नावच घेनं की, बाय."

मग हात वर झाले. मैदान द्यावं म्हणणाऱ्यांचे आधी, देऊ नये म्हणणाऱ्यांचे नंतर. पंचांनी मोजले, परत मोजले. बरोबरी झाली होती. उत्तमने ज्यांना फ्लॅट दाखवले होते त्यातल्या कितीतरी घरांनी हात मैदानाच्या बाजूने केला होता. गाव शांताबाईला वाटलं तेवढं फिरलेलं नव्हतं.

आणि त्या हातांत एक हात होता तो कोणी मोजलाच नव्हता. गोडाउनची निळी टोपी खिशात खोचून स्वरूप उभा होता, हात ताठ वर, मैदान देऊ नये म्हणणाऱ्यांत.

"स्वरूप, खाली घे," एक पंच हळूच म्हणाला. "तुजा धरता येत न्हाय."

त्याने खाली घेतला नाही. आईकडे बघत उभा राहिला. शांताबाईने तोंडात पदर कोंबला.

बरोबरी झाली की निकाल पाटलाच्या हाताने, हीही जुनीच रीत. जितेशने तो वर केला, सावकाश, आणि मैदान गेलं. मग मधोमध जाऊन वाकला आणि काठी उचलली. या वेळी ती उचलायचा त्याला पुरता हक्क होता.

बिर्याणी वेळेवर आली. गाव जेवायला बसलं, अर्धं न जेवता गेलं. दुर्गाबाई शांताबाईला शोधत मैदानावर गेल्या. ती वलांडीपाशी उभी राहून जमिनीवर पडलेल्या बोंबलांच्या जोड्या उचलत होती, झटकून, जबड्यात जबडा घालून बांबूवर टांगत होती. स्वरूप पलीकडून तेच करत होता. दोघं अजूनही बोलत नव्हती.

"शांताबाई," दुर्गाबाई म्हणाल्या आणि वाकून खाली पडलेली एक जोडी उचलली.

"जा बाय घरी," शांताबाई वळून न बघता म्हणाली. "ऊन लय हाय."